धवलारणीचं गोड औषध

माझ्या सासूबाईंना वय विचारलं तर त्या वय सांगत नाहीत, लग्नं सांगतात. "सातशेच्या वर मांडव झालं गो बाय, मंग मोजाचा सोडला." नाव पुतळा. काम धवलारणीचं. आमच्या आगरी गावांत लग्नाला भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. मांडवाच्या दिवशी सकाळी ती पाटावर बसते, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाते, गावचे देव बोलावते आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला या म्हणते. ते सगळे आले की मग नवऱ्याला हळद लागते. सानपाड्यापासून उरणपर्यंतच्या दीडदोनशे घरांची मेलेली माणसं सासूबाईंच्या डोक्यात ओळीने बसलेली होती. वही नाही, कागद नाही. मी एकदा म्हटलं, आई, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवू या. तर म्हणाल्या, "मेलेली मान्सा मोबाईलमदी कनाला कोंडतंस?"

या कामाचा एक नियम आहे. नावं घ्यायला सुरुवात केली की शेवटचं नाव होईपर्यंत धवलारणीने पाटावरून उठायचं नाही. दोन तास लागोत, तीन लागोत. बोलावणारीच उठून गेली तर आलेले देव अर्ध्या वाटेतून परत फिरतात, असं मानतात. आता मी बी.एस्सी. झालेली बाई, मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर उभी राहते, मला हे असलं काही पटत नाही. पण सासूबाईंना पटत होतं, आणि काम त्यांचं होतं.

गेल्या दिवाळीत त्या घराजवळच्या दुकानात नारळ आणायला गेल्या आणि गल्ली विसरल्या. पन्नास वर्षं ज्या गल्लीत राहिल्या ती गल्ली! निशांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना तलावाच्या कठड्यावरून उठवून आणलं. त्याला बघून म्हणाल्या, "तुमी कोनाचं?" तेव्हा तो माझ्यासमोर पहिल्यांदा रडला.

तपासण्या झाल्या. लिव्हर गेलं होतं. झालं, गावाला चघळायला विषय मिळाला. "बाई पीत असंल." अरे, ज्या बाईने आयुष्यात ताडीचा थेंब घेतला नाही तिच्याबद्दल बोलताना लाज कशी वाटत नाही? शुगर होती, लिव्हरवर चरबी धरलेली होती, वर्षानुवर्षं कुणी बघितलं नव्हतं. एवढंच.

वाशीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण नीट समजावून सांगायच्या. लिव्हर खराब झालं की आतड्यात तयार होणारं विष रक्तातून थेट मेंदूत चढतं, म्हणून माणूस बावचळतो. त्याला औषध काय, तर एक गोड सिरप, पिवळसर, काकवीसारखं घट्ट. मी चमकले. शुगरवालीला गोड औषध? त्या म्हणाल्या, ही साखर अंगाला लागतच नाही, पचत नाही, तशीच्या तशी मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते आणि ते विष धरून ठेवून बाहेर काढते. रोज दोन ते तीन वेळा पातळसर व्हायलाच पाहिजे. दोनच्या खाली आलं तर डोस वाढवा, चारच्या वर गेलं तर कमी करा, पण बंद करायचं नाही. मग त्यांनी सासूबाईंना दोन्ही हात पुढे करून पंजे ट्रॅफिक हवालदारासारखे उभे धरायला लावले. "हे पंजे फडफडायला लागले ना, तर माझ्याकडे पळत यायचं. वाट बघायची नाही."

मी ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. बाटलीचं नाव वाचलं आणि डोक्यात म्हटलं, हात्तिच्या, हे होय! ही बाटली मी रोज काउंटरवरून देते. बद्धकोष्ठाच्या म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना, मूळव्याधवाल्यांना. "पोट साफ व्हायचं आहे काका, झोपताना दोन चमचे घ्या." दहा वर्षं हेच बोलतेय. जे आपल्याला माहीत आहे असं वाटतं ते माणूस पुन्हा ऐकत नाही, माझंही तसंच झालं.

औषधाने जादू केली हे मात्र खरं. पंधरा दिवसांत सासूबाई पहिल्यासारख्या झाल्या. टोमणे परत आले. माझ्या आमटीला नावं ठेवायला लागल्या तेव्हा मला बरंच वाटलं. नावंही परत आली. दुपारी ओटीवर बसून त्या तुर्भ्याच्या एकेका घरातली मेलेली माणसं पुटपुटायच्या, बोटांवर मोजायच्या, आणि सगळी हजर आहेत बघून खूश व्हायच्या.

पण दिवसातून तीनदा पळावं लागायचं. माघात तुर्भ्याच्या एका मांडवात त्यांना नावांच्या मधेच दोनदा उठावं लागलं. गोजरा, त्यांची साथीदारीण, तिने गाणं ओढून धरलं. पण बायका बोलल्याच. त्या घरात पुढे नवरीचा पाय मुरगळला, तर तेही सासूबाईंच्या खात्यावर टाकलं. सासूबाई त्या दिवशी घरी येऊन जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ईस वर्सांची हुतू तवापास्ना गाते. पाटावरना उठनारी धवलारीन म्हनून मना कोन बोलावनार?"

आणि मग आलं हितेशचं लग्न. हितेश म्हणजे माझे चुलत सासरे गोटीरामकाका, त्यांचा धाकटा. काकांचं गावात वजन. भाताची जमीन गेली तशी बिल्डिंगी उभ्या केल्या, आता पांढरे कपडे घालून हिंडतात. त्यांच्या मांडवात पाचशे माणूस आणि मध्ये सासूबाई. घरचंच लग्न, शिवाय नावं आपल्याच घरची घ्यायची.

शुक्रवारी संध्याकाळी मी औषधाचं माप भरत होते. सासूबाईंनी माझा हात धरला.

"सुचिता, दोन दिस नको गो. आयतवारी मना पाटावर बसाचा हाय."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं. दोन दिवसांनी काय होतंय?" वर माझं शहाणपण! काउंटरवरून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या आणि शनिवारी सकाळी एक, संध्याकाळी एक, रविवारी सकाळी एक दिली. म्हटलं, एकदम बंदोबस्त. निशांतला कळू नये म्हणून औषधाची बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवली. त्याला उगाच टेन्शन येतं, असं मी मनात म्हटलं. खरं तर तो रागावला असता आणि त्याचंच बरोबर ठरलं असतं.

शनिवारी दुपारी सासूबाई बसल्या बसल्या पेंगत होत्या. रात्रभर मात्र घरात फिरल्या. मी म्हटलं लग्नाची धांदल आहे. रविवारी पहाटे त्यांनी चहात मीठ घातलं आणि पिऊन टाकला, तोंडही वाकडं केलं नाही. मला "शकुबाई" म्हणून हाक मारली. शकुबाई त्यांची जाऊ, गोटीरामकाकांची बायको, हितेश चार वर्षांचा असताना गेली. तरी मी गोळी दिली. का दिली? इतक्या वेळा स्वतःला विचारलंय की आता प्रश्नाचा अर्थ राहिला नाही. वाटलं, तीन तासांचा प्रश्न आहे. मांडव होऊ दे, मग डबल डोस देईन.

मांडवात सासूबाई पाटावर बसल्या. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, समोर उंबराची फांदी, तांदळाची रास. सुरुवात छान झाली. आवाज लागला, बायका शांत झाल्या, मोबाईलवाली पोरंसुद्धा गप्प बसली. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी एक ओळ दोनदा म्हटली. मग तिसऱ्यांदा. गोजराने कोपराने ढोसलं. त्या पुढे सरकल्या. देव झाले. नावं सुरू झाली. गोटीरामकाकांचे आजोबा, आजी, वडील, आई. मग शकुबाईचं नाव आलं आणि हितेशने डोळे पुसले. माझे सासरे आले. आता काकांची एक काकी राहिली होती, ती झाली की संपलं.

सासूबाई थांबल्या. तांदळात बोटं फिरवत राहिल्या. आणि त्याच सुरात, त्याच ठेक्यात म्हणाल्या, निशांत, लेकरा, लग्नाला ये.

निशांत माझ्या शेजारी उभा होता. हातात पाण्याचा जग होता त्याच्या.

मग एक बाई ओरडली आणि एकदम गलका झाला. कुणी म्हणालं चुकून आलं, कुणी म्हणालं धवलारणीच्या तोंडून चुकून येत नाही. सासूबाई तशाच बसलेल्या, कुणाकडे बघतायत ते कळत नव्हतं. गोटीरामकाका पुढे आले, त्यांचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, "ही वहिनी नाय. हिच्या अंगात कोनतरी आलाय." झालं, सगळ्यांना वाट सापडली. बायकांनी सासूबाईंचा अंबाडा सोडला, केस मोकळे केले, कपाळाला अंगारा लावला, लिंबू उतरवलं. "कोन हायस तू? कनाला आयलंस? काय पायजे तुना?" सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. बायकांना ते कळल्यासारखं वाटलं. उरणकडच्या एका भगताला आणायला गाडी पाठवली.

आणि मी? मला माहीत होतं! त्या पाचशे माणसांत एकटीला मला माहीत होतं की अंगात काही आलेलं नाही, अंगातून जे जायला हवं होतं ते गेलेलं नाही. पण ते सांगायचं म्हणजे गोळ्यांचं सांगायचं. पिठाच्या डब्यामागच्या बाटलीचं सांगायचं. मी घरी धावले, औषध आणलं, सगळ्यांच्या नजरा चुकवून त्यांच्या तोंडाला लावलं. दात घट्ट. अर्धं लुगड्यावर सांडलं. "काय पाजतंस तिला?" एका बाईने मला बाजूला ढकललं आणि मी बाजूला झाले. तीन तास झाले. निशांतला बायकांनी आतल्या खोलीत बसवलं, उंबरठा ओलांडू देईनात. त्याचं नाव घेतलं गेलं होतं ना.

भगत येईपर्यंत सासूबाई आडव्या झाल्या होत्या. मी जवळ गेले. श्वासाला गोडसर कुबट वास येत होता. मी त्यांना उठवून बसवलं, दोन्ही हात पुढे धरले, पंजे उभे केले आणि सोडले.

पंजे फडफडले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थांबेचनात.

तेव्हा कुठे माझ्या तोंडाचं कुलूप निघालं. मी किंचाळले. गोटीरामकाकांना काय काय बोलले मला आठवत नाही, लोक सांगतात की भगताला मी "चालता हो" म्हटलं. निशांत आतून धावत आला, तर चार जणांनी त्याला धरलं. "तू गाडी चालवायची नाय! तू आज रस्त्यावर जायचा नाय!" त्याची आई मरतेय आणि तो दारात! शेवटी नवरदेव उठला. अंगाला हळद नाही, डोक्याला मुंडावळी नाही, हितेश तसाच उठून म्हणाला, "वहिनी, काकीला उचला, मी आणतो गाडी." त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही. सानपाड्याच्या पुलाखाली सिग्नलला गाडी अडकली तेव्हा सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्यांना हाका मारत होते.

हॉस्पिटलात त्यांनी नाकातून नळी घातली आणि त्या नळीतून तेच गोड औषध सोडलं. खालूनही तेच, पाण्यात मिसळून, एनिमा. एवढ्या मोठ्या आयसीयूत, एवढ्या मशिनी, आणि इलाज कोणता, तर माझ्या काउंटरवरची बाटली. जी मी दोन दिवस लपवली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, संडासला कधी झालं होतं? मी म्हटलं, शुक्रवारी. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

दोन दिवस आम्ही बाकड्यावर काढले. निशांत जेवला नाही. मीही त्याला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नाव काय? "पुतला." कुठे आहात? "दवाखान्यान." वार कोणता? त्या अडखळल्या, मग म्हणाल्या, बुधवार असंल. बुधवारच होता. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "आजी, औषध कुणी बंद केलं? मी सांगितलं होतं ना? संडास असा दोन दिवस आपोआप थांबत नाही, जुलाब थांबवायची गोळी कुणी दिली?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. निशांत शेजारी. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, नीट, ओळखून पाहिलं.

"मीच," त्या म्हणाल्या. "हिच्या पर्समदना घेतल्या मी गोल्या. हिला ठावं नाय."

डॉक्टरीणबाई रागावल्या, खूप रागावल्या, सत्तरीला टेकलेल्या बाईला शाळेतल्या मुलीसारखं बोलल्या. सासूबाईंनी मुकाट ऐकून घेतलं. मीही ऐकून घेतलं. माझ्यासारखी नालायक मीच.

घरी आलो. फाल्गुन गेला, वैशाख गेला. लग्नांवर लग्नं झाली. आमच्या दारात कुणी बोलावण्याचा विडा घेऊन आलं नाही. लाउडस्पीकरवरून गोजराचा आवाज यायचा आणि सासूबाई ओटीवर बसून ओठ हलवायच्या. एके ठिकाणी गोजरा एक नाव चुकली तेव्हा त्या ताडकन उठून उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. त्यांना मांडवातलं काहीच आठवत नव्हतं. त्यांना वाटायचं पाटावर चक्कर आली, बस. घरात कुणी सांगितलं नव्हतं.

एक दिवस मला म्हणाल्या, "सुचिता, मी काय केला तवा? खरा सांग." मी सांगितलं. गोळ्यांचं त्यांना माहीतच होतं, नावाचं सांगितलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग तो काढून म्हणाल्या, "कोनाला काय बोलू नको. डोकरी बावचलली म्हनून माझा गाना गेला तर गेला. तुझा नाव आयला तर तुना या गावान कोन राव देनार नाय."

पण मला ते सोसवेना. हे कसलं? चूक माझी, आणि घरी बसायचं त्यांनी? त्या दिवशी संध्याकाळी मी आधी निशांतला सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि ते मला मान्य होतं. मग एकटी गोटीरामकाकांकडे गेले. ते सोफ्यावर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाटली, गोळ्या, डबा, विष कसं मेंदूत चढतं ते. म्हटलं, काका, आईंचा दोष नाही, देवाचंही काही नाही, माझ्यामुळे झालं, चार माणसांत सांगा, मी पाया पडते, पण त्यांना बोलवा.

काकांनी शांतपणे ऐकलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत.

"औशदानं डोका फिरला, मानला," ते म्हणाले. "डोका फिरला म्हंजे काय पन बोलल मानूस. गाना विसरल, शिव्या देल. पाचशे मान्सा हुती मांडवात, माझा पोरगा पाटाशेजारी हुता. मंग तोंडात निशांतचाच नाव कना आयला? ता सांग मना."

मी पुन्हा विषाचंच सांगायला लागले. काका म्हणाले, "जा घरी. नवऱ्याला जप."

निशांत उरणच्या कंटेनर यार्डात कामाला आहे, रोज त्या ट्रेलरच्या रस्त्याने बाईकवर जातो येतो. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून फोन लावला. त्याने उचलला. "काय झालं?" "काही नाही. निघालास का?" "निघतोय." "सावकाश ये."

सासूबाई ओटीवर होत्या. माझं तोंड बघून त्यांना कळलं. "सांगून आयलंस ना?" मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. मी त्यांच्यापाशी बसले आणि काकांचाच प्रश्न त्यांना विचारला. मला राहवलं नाही. "आई, निशांतचंच नाव का आलं तुमच्या तोंडात?"

"आठवत नाय गो," त्या म्हणाल्या. "पन तो त्या रस्त्याला लागला ना, तवापास्ना मी रोज संध्याकाली हेच भ्या धरून बसते. बाईक आयली का मंगच पानी पिते. कोनाला कदी बोललू नाय. बोललेला बरा नाय."

मग हात पुढे केला. मी माप भरून दिलं, त्यांनी औषध घेतलं, तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, बस जरा. आम्ही दोघी रस्त्याकडे बघत बसलो. निशांत अजून आला नव्हता.